डाव्या बाजूची टाकी

तुरटीमास्तरांनी एकतीस वर्षं एकच काम केलं: पाण्यात जे जिवंत असेल ते मारायचं. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात ते नोकरीला होते. नदीचं गढूळ पाणी तुरटीने निवळायचं, वाळूतून गाळायचं, त्यात क्लोरीन सोडायचा आणि नळाला येणाऱ्या थेंबात काही वळवळत नाही याची खात्री करायची. नाव त्यावरूनच पडलं आणि स्वभावालाही चपखल बसलं. निवृत्त झाल्यावरही पेला दोनदा विसळल्याशिवाय ते पाणी पीत नसत. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बायकोने मासे पाळायची गोष्ट काढली, तेव्हा म्हणाले होते, "मासे पाण्यातच हगतात. ती घाण मी घरात मांडून ठेवू?" विषय तिथेच संपला, तो चाळीस वर्षं संपलेलाच राहिला.

मग तिला झटका आला. डावं अंग लुळं पडलं, ते एक झालंच; पण त्याहून विचित्र म्हणजे तिच्या लेखी डावी बाजू नावाची गोष्टच उरली नाही. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायची आणि विचारायची, "आज एवढंच?" ताट फिरवून ठेवलं की उरलेलं खायची. स्वतःचा डावा हात कुणी उचलून पोटावर ठेवला तर म्हणायची, "हा कुणाचा हात? ज्याचा असेल त्याला घेऊन जायला सांगा." शब्द जडावले होते, जीभ मात्र पूर्वीइतकीच तिखट होती. मास्तर हसायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. पलंगाच्या उजवीकडे, भिंत आणि पलंग यांच्यामधल्या बोळकांडीत त्यांनी आपली खुर्ची कोंबली होती. तिथे बसलं तरच ते तिला दिसत.

व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "डावीकडे काहीतरी हलतं ठेवा, यांना आवडेल असं. नजर तिकडे गेली पाहिजे, मान वळली पाहिजे. हे चार-पाच महिने हातचे घालवू नका. नंतर जे राहिलं ते राहिलं."

"मासे," बायको उजव्या भिंतीकडे बघत म्हणाली.

मास्तर त्याच दिवशी माशांच्या दुकानात गेले. दुकानातली बाई वयाने त्यांच्या मुलीएवढी, पण बोलायला खमकी. "काका, टाकी आज न्या. मासे पाच-सहा आठवड्यांनी."

"का? पाणी माझं स्वच्छ असतं."

"तेच तर. माशांच्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. वस्ती व्हायला वेळ लागतो."

"म्हणजे मी जंतू पाळायचे?"

"आधी जंतू, मग मासे. आणि स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात नुसता पिळायचा. नळाच्या पाण्यात काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको."

मास्तरांनी हे वहीत लिहून घेतलं. दोन फुटांची टाकी पलंगाच्या डावीकडे टेबलावर बसवली. तळाला काळी माती, वर बारीक वाळू. पाणी ओतताना माती उधळू नये म्हणून आधी बशी ठेवली आणि बशीवर धार धरली. गवतासारखी लांब पात्यांची झाडं चिमट्याने रोवली, रुंद पानांचं एक झाड दोऱ्याने लाकडाच्या ओंडक्याला बांधलं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचे थेंब मोजून टाकले. ज्याच्या जिवावर जन्मभर भाकरी खाल्ली, त्यालाच मारताना त्यांचा हात जरा अडखळला. मग जंतूंना पोसायला रोज माशांचं खाणं चिमूटभर टाकायचं आणि कुजू द्यायचं.

"रिकाम्या टाकीला जेवू घालताय?" न वळताच बायको विचारायची. "मला कधी इतक्या प्रेमाने वाढलं नाहीत."

पाच आठवड्यांनी पाणी तपासायच्या नळीतला रंग हवा तसा आला. आठ छोटे निळे-लाल मासे आणि तळाशी फिरणारे तीन मिशाळ मासे आले. मिशाळांतला एक दिवसभर ओंडक्यामागे दडून बसायचा आणि खाणं पडलं की सगळ्यांत आधी हजर व्हायचा. मास्तरांनी त्याची हकिगत सांगितली तेव्हा बायको म्हणाली, "हा तर तुमचा साहेब."

तिसऱ्या दिवशी तिची नजर हलली. आधी फक्त डोळे आले, छतापर्यंत. आठवड्याने टाकीची कड दिसली. पंधरा दिवसांत ती निळे मासे मोजू लागली; चार दिसायचे, मग सहा. ओंडका टाकीच्या पार डाव्या टोकाला होता. "साहेब काही भेटत नाहीत बाई," ती म्हणायची आणि मान आणखी थोडी ओढायची, कपाळावर घाम येईपर्यंत. व्यायामाच्या बाईंनी मास्तरांचा हात हातात घेतला. मास्तरांना इतकं सुख कधी झालं नव्हतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही.

चौथ्या आठवड्यात तिला ताप भरला. छातीत कफ घरघरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "संसर्ग आहे. खोली स्वच्छ ठेवा."

स्वच्छ हा शब्द ऐकला आणि मास्तर पुन्हा नोकरीवर रुजू झाले. जित्याची खोड ती. हातात ब्लीचिंग पावडरचा डबा. फरशी, चादरी, थुंकीचं भांडं, दाराच्या कड्या, सगळ्याच्या मागे ते हात धुवून लागले. सगळं झाल्यावर नजर टाकीवर गेली. मूळचा पिवळा स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता. तिच्या उशापासून हातभरावर ही घाण! वही कपाटात होती. त्यांनी स्पंज काढला, पावडरच्या पाण्यात बुडवला, नळाखाली तीनदा खळखळून धुतला, पार पिवळाधमक होईपर्यंत, आणि परत बसवला. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा जरा शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. मास्तरांनी पाणी बदललं, पुन्हा बदललं. पाचव्या दिवसापर्यंत अकराही गेले. साहेब ओंडक्यामागेच सापडला.

ताप उतरला होता. तिने मान ओढून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"अहो, काही धुतलंत का?"

मास्तर टाकीची काच पुसायला लागले.

"धुतलंत," ती म्हणाली आणि मान परत फिरवली. रागावली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

टाकी पुन्हा पहिल्यापासून लागली. जंतू काही घाई करत नाहीत. सहा आठवडे मास्तर रोज कुजायला खाणं टाकत होते, आणि ती भिंत बघत होती. आजाराने अंगातली होती नव्हती ती ताकद गेली होती. हाक मारली तरी डोळे छतापर्यंत येऊन परत जायचे. नवे मासे आले. चार दिवस झाले, आठ झाले.

"साहेब आले का?" ती भिंतीला विचारायची.

"आलेत."

"मग दिसत कसे नाहीत?"

नवव्या दिवशी मास्तरांनी टाकीतलं पाणी बादल्यांमध्ये काढलं, मासे त्यातच ठेवले, स्पंजही त्याच पाण्यात. खुर्ची बोळकांडीतून बाहेर काढली आणि तिथे टेबल सरकवलं. दारात व्यायामाच्या बाई उभ्या होत्या. "काका, उजवीकडे ठेवलीत तर मान आता कधीच वळायची नाही."

"माहीत आहे मला."

त्यांनी बशी ठेवली आणि मगाने पाणी परत भरलं. झाडं ताठ झाली, मासे हलायला लागले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उमटली. "अगं बाई! साहेब, केवढी मोठी रजा!"

खुर्चीला आता जागा डावीकडेच होती. मास्तर तिथे बसले आणि तिचा लुळा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"अहो," ती म्हणाली, "कुठे गेलात? या ना, बघा तरी."

"इथेच आहे गं."

तिने टाकीच्या पलीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग पुन्हा माशांकडे वळून ती म्हणाली, "येतील. काहीतरी धूत असतील."