उपासाचा चुरा

"कुनी सांगितलं?"

आमच्या घरमालकीण आक्का यांचं हे अस्त्र. मान जराशी तिरकी, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात जे काही असेल ते, म्हणजे उलथनं, विळा किंवा टीव्हीचा रिमोट, समोरच्याच्या छातीवर रोखलेलं, आणि वर हा प्रश्न. भलेभले त्यापुढे गारद झालेले मी जिन्याच्या कठड्याला टेकून, तिकीट न काढता पाहिले आहेत.

एकदा रस्ता रुंद करायला जेसीबी आला. चालक बिचारा परप्रांतातला. म्हणाला, "मावशी, ये पेड़ गिराना है." आक्कांनी आपल्या दारातल्या जांभळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कुनी सांगितलं?" त्याने मुकादमाला फोन लावला. मुकादमाने ठेकेदाराला. ठेकेदाराने आणखी कुणाला तरी. संध्याकाळ झाली तरी नक्की कुणी सांगितलं त्याचा पत्ता लागेना. आक्कांनी चालकाला चहा पाजून परत पाठवलं. आजही कंपन्यांच्या कॅब त्या जांभळाला वळसा घालून जातात आणि आतले लोक चडफडतात.

मी सोलापूरकडचा. हिंजवडीत नोकरी लागली म्हणून आलो. टॉवर संपतात आणि भाताची खाचरं सुरू होतात त्या गावात आक्कांच्या घराच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. माझा संसार नव्हता, पण ओव्हन होता. कॅबच्या डिकीतून तो उतरवताना आक्का खाली उभ्या होत्या. "टीव्ही लई जाड हाय तुमचा," म्हणाल्या. तो टीव्ही नसून भट्टी आहे आणि मी तिच्यात केक भाजतो हे कळल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाप्या मानूस, आन् भट्टी लावतोय. बरं हाय. निदान दारू तरी पीत न्हाई." त्या दिवसापासून मी 'पाव्हणं' झालो. वर्षानुवर्षं राहिलो तरी बढती मिळाली नाही.

आक्कांना साखरेचा आजार होता. तो त्यांना मान्य नव्हता, एवढंच. त्यांचा मुलगा संदीप मात्र काळजीने अर्धा झालेला. आदल्या वर्षी नवरात्राच्या उपासात, सातव्या माळेला, आक्का तुळशीपाशी भोवळ येऊन पडल्या होत्या. डॉक्टरांनी साबुदाणा बंद केला, उपाशी राहणं बंद केलं आणि सकाळी ओट्स खायला सांगितले. संदीपने पिशव्याच्या पिशव्या आणून फडताळात रचल्या. आक्कांनी ते पाण्यात शिजवले, चमचाभर खाल्ले आणि पातेलं घेऊन थेट गोठा गाठला. परत येऊन त्यांनी निकाल जाहीर केला, "म्हशीनंबी तोंड फिरवलं."

मग एका रविवारी मी वर सफरचंदं भाजायला ठेवली. दालचिनीचा वास जिन्यावरून खाली गेला आणि त्याच जिन्यावरून आक्का वर आल्या.

"पाव्हणं, काय जाळताय?"

मी भांडं बाहेर काढलं. खाली मऊ, रसाळ फोडी, वर खरपूस, कुरकुरीत चुरा. आक्कांनी बोटभर उचलला, फुंकला, खाल्ला. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, आली भोवळ.

"हे वरचं काय हाय?"

"ओट्स."

"खोटं बोलू नका माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. तसं त्यात शिकवण्यासारखं काही नाही. वाटीभर ओट्स, त्याहून कमी कणीक, थोडा गूळ, फ्रिजमधलं घट्ट गार लोणी, आणि हे सगळं बोटांच्या टोकांनी चोळायचं. ओल्या वाळूत लहानलहान खडे दिसावेत तसं झालं की थांबायचं. फळांवर पसरायचं आणि भाजायचं. पण आक्कांनी जन्मभर भाकरी थापलेली. पीठ हाताखाली आलं की तळवा आपोआप कामाला लागायचा. मी वळून पाहीपर्यंत परातीत लाडवाएवढा तुकतुकीत गोळा तयार.

"आक्का, मळायचं नाही!"

"मी कुटं मळतीया? तेच गोळा व्हतंय."

शेवटी मी म्हणालो, "रांगोळीची चिमूट धरता ना, तसं धरा." ते मात्र लागलं. बोटं हलकी झाली, चुरा सुटा पडायला लागला. आणि एकदा जमल्यावर आक्कांनी माझ्या ओव्हनला निरोप दिला. ओव्हनसाठी जिना चढायला लागतो. त्या लोखंडी कढईत तूप टाकून, मंद विस्तवावर तो चुरा लालसर परतायच्या आणि गार करून स्टीलच्या डब्यात भरायच्या. मग काय! पपईवर चुरा. शिकरणावर चुरा. सीताफळाच्या गरावर चुरा. मी केळ्याचा केक करायला घेतला की खालून हाक यायची, "पाव्हणं, वरनं चुरा टाका, मंग भट्टीत घाला!" टाकत असे. केक बरा व्हायचा हेही खरं.

साखरेचा आजार असलेल्या बाईने गूळ खावा का, असं कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. त्यावर आलेला प्रश्न तुम्हाला आता पाठ असेल.

भाद्रपद संपत आला आणि घरात खरं रण माजलं. आक्कांच्या भावकीचा घट त्यांच्या घरी बसायचा. सासूकडून त्यांच्याकडे आलेला मान. अष्टमीला गावातल्या उपास करणाऱ्या सगळ्या बायका त्यांच्या ओटीवर फराळाला यायच्या. रीत एकच, ज्या घरी घट, त्या घरच्या बाईला नऊ दिवसांचा कडक उपास. संदीपने सांगून टाकलं, "आई, औंदा उपास न्हाई. घट मालनकाकूकडं जाऊ दे."

मालनकाकू म्हणजे आक्कांची धाकटी जाऊ. मधे एक कुंपण आणि अनेक वर्षांचा अबोला, जो रोज तासभर मोठ्या आवाजात चालायचा.

आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी वर आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या. अस्त्रं म्यान केलेली. मी त्यांना तशा कधी पाहिल्या नव्हत्या. "पाव्हणं," त्या हळू म्हणाल्या, "सासूनं मला काय बी दिलं न्हाई. शिव्या दिल्या आन् घट दिला. शिव्या मी परत केल्या. घट ऱ्हायलाय."

थोड्या वेळाने त्यांची नजर माझ्या फळीवरच्या ओट्सच्या बरणीवर गेली. मान तिरकी झाली.

"ह्ये उपासाला चालत न्हाई, आसं कुनी सांगितलं?"

आता पाहा, मी संगणकातल्या चुका शोधून पोट भरतो. त्या युक्तिवादात मला चूक सापडेना. साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, मिरची चालते. हे सगळे बाहेरून आलेले पाहुणे. त्यांना पाट मांडला, मग ओट्सनीच काय घोडं मारलंय? आम्ही दोघं कामाला लागलो. कणीक गेली, राजगिऱ्याचं पीठ आलं. शेंगदाण्याचं कूट आलं. चिमूटभर सैंधव. लोण्याऐवजी घरचं, फ्रिजमध्ये थिजवलेलं तूप. खाली पेरू, बिया काढून, लिंबू पिळून शिजवलेले. गूळ मी कमी घातला. आक्कांनी माझी पाठ वळल्यावर थोडा वाढवला. हे मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांना दिसलं.

संदीपने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर शहाणे. म्हणाले, "दर दोन-तीन तासांनी खात असतील आणि गूळ जपून असेल, तर माझी हरकत नाही. देवीचं तुमचं तुम्ही बघा." एक आघाडी जिंकली. भटजींना फोन केला. ते म्हणाले, "माझ्या पोथीत ओट्सचं नाव नाही." आक्का म्हणाल्या, "मंजी बंदी बी न्हाई," आणि ते पुढे काही बोलायच्या आत फोन ठेवला.

घट बसला. पण इथे आक्कांनी एक आगाऊपणा केला. घटाच्या मातीत सात धान्यं पेरतात. आक्कांनी कुणाला न सांगता आठवी मूठ ओट्सची टाकली. "देवीलाच इचारते," मला कानात म्हणाल्या. "उगवलं की समद्यांची तोंडं बंद." मी कपाळावर हात मारला. ओट्स चेपलेले, वाफवलेले. ते काय उगवणार! पण सांगायला उशीर झाला होता. गहू वर आला, ज्वारी वर आली, आणि मधे एका बाजूला पांढुरका, बुरसलेला चिखल. आरतीला आलेल्या मालनकाकूंनी तो पाहिला. आक्का उपासाला ओट्स खातात ही कुजबुज आधीच होती, त्यामुळे त्यांना काही विचारावं लागलं नाही. गावात बातमी रस्त्यावरच्या कॅबपेक्षा लवकर पोहोचते. देवीने आक्कांचे ओट्स, ते घोड्याचं खाणं, नाकारलं!

अष्टमी आली. आक्का नवी हिरवी साडी नेसून ओटीवर बसल्या. पुढे पेरूची परात, वर सोनेरी चुरा, शेजारी द्रोणांची चळत. दुपार झाली. कुणी फिरकलं नाही. समोरच्या रस्त्याने बायका जाताना दिसत, या बाजूला बघत नसत. संदीप दारात घुटमळत होता. "आई, उचलू का आत?"

"हात लावायचा न्हाई. देवी हाय, मी हाय, पाव्हणं हायत. आमी तिघं खाऊ."

मग मालनकाकू आल्या. एकट्या नाही, मागे बायकांचा घोळका. तमाशा बघायला सगळ्यांना वेळ होता.

"आक्का," मालनकाकू पायरीवरून म्हणाल्या, "घट मोडला तुमी. देवीनं सोता सांगितलं. ते दाणं उगवलं का?"

"न्हाई उगवलं."

"मंग?"

आक्का सावकाश उठल्या. घरात गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या मूठ भरून बाहेर आल्या आणि ती मूठ मालनकाकूंच्या ओंजळीत रिकामी केली. साबुदाणा.

"घे. तुज्या परसात पेर. म्होरल्या अष्टमीपत्तोर वाट बघते. एक कोंब दाव, घट तुज्या डोक्यावर ठेवून आनून देते. वाजत गाजत!"

मग घोळक्यात मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एक म्हातारी म्हणाली, "खरंच की गं, साबुदाणा कुटं उगवतोय." दुसरी म्हणाली, "माझ्या तर पोटातबी उगवत न्हाई, नुसता दगुड व्हतो." आणि मग जे हसू फुटलं ते पार रस्त्यापर्यंत गेलं.

मालनकाकू ओंजळ धरून तशाच उभ्या. चेहरा तांबडाबुंद. ओंजळीतलं टाकता येईना, उपासाचं अन्न. आक्कांनी एक द्रोण भरला. चुरा जरा जास्तच घातला. ओंजळीतला साबुदाणा स्वतःच्या पदरात घेतला आणि रिकाम्या हातात द्रोण दिला.

"सकाळधरनं काय बी खाल्लेलं न्हाई तू. बस हितं."

मालनकाकू बसल्या. एक घास खाल्ला. सगळी ओटी त्यांच्या जबड्याकडे बघत होती. दुसरा खाल्ला. तिसरा.

"गूळ कमी पडलाय," त्या म्हणाल्या.

आक्कांनी माझ्याकडे असा एक विजयी कटाक्ष टाकला की तो अजून माझ्या अंगावर आहे. परात तासाभरात निपटली. मला आणि देवीला मिळून एक द्रोण उरला.

त्यानंतरही आक्कांनी बरीच नवरात्रं केली, भोवळ न येता. डॉक्टर रागवत, त्या ऐकून घेत, आणि घरी येऊन कढई चढवत. मी माझा फ्लॅट घेतला तेव्हा त्या रडल्या नाहीत. "जावा. जाडा टीव्ही नीट न्या," एवढंच. एका थंडीत त्या झोपेतच गेल्या. संदीपचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. जिन्यात जाऊन बसलो, आणि किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही.

घट मालनकाकूंकडे गेला. दुसरं कोण होतं? परवाच्या अष्टमीला मी गेलो होतो. ओटी भरलेली. मालनकाकू आता थकल्यात, खुर्चीत बसून हुकूम सोडतात. पुढे परात, पेरू, वर तोच सोनेरी चुरा. त्यांची नवी सून नाशिककडची, शिकलेली, कंपनीत जाणारी. द्रोण भरता भरता तिने हळूच विचारलं, "आई, ओट्स उपासाला चालतात?"

मालनकाकूंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू पोरीने गंगेचं पाणी ओलं असतं का असं विचारलं होतं.

"आमच्यात चालत्यात. पयल्यापास्नं. माज्या सासूच्या टायमापास्नं."

मी तोंड उघडलं. मालनकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या बाईशी त्या कुंपणावरून भांडल्या, तिचं नाव त्या नजरेत स्पष्ट दिसत होतं, आणि मी ते उच्चारलं तर त्या भर ओटीवर रडतील हेही दिसत होतं.

"खावा की पाव्हणं," त्या म्हणाल्या. "बगत काय बसलाय?"

मी खाल्लं.