टपालबाई आणि तक्रारींचं खोकं

ज्या मालिकेचे जुने भाग लोक आजही शोधून शोधून बघतात आणि ज्यांच्यावरून जिवलग मित्रांत अबोला होतो, ती शापित वस्तूंची मालिका एका सोमवारी दुपारी कायमची बंद व्हायची होती. आणि ती बंद पाडायला निघाल्या होत्या टपालबाई. आता यात बाईंचा दुष्टपणा वगैरे अजिबात नव्हता हो! त्या दूरचित्रवाणी केंद्रात त्यांच्याइतकं सरळ माणूस दुसरं नव्हतं. पण सरळ माणसाने एकदा वाकडी वाट धरली की तो इतक्या सरळ चालतो की अडवायलाही कुणी जात नाही.

केंद्राच्या जिन्याखाली एक खोली होती. छत तिरकं, त्यामुळे उंच माणूस आत आला की त्याच्या कपाळाला टेंगूळ ठरलेलं. तिथे एक टेबल, पाकिटं फोडायची सुरी, आणि बुटांची तीन रिकामी खोकी. एकावर लिहिलेलं 'कौतुक', दुसऱ्यावर 'तक्रार', तिसऱ्यावर 'इतर'. प्रेक्षकांची पत्रं यायची, बाई प्रत्येक पत्र पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत वाचायच्या आणि योग्य त्या खोक्यात टाकायच्या. सोमवारी खोकी मोजायची, आकडे एका कागदावर लिहायचे आणि तो कागद मोठ्या साहेबांकडे पोचवायचा. साहेबांना पत्रं वाचायला वेळ नसे. तो कुठल्याच साहेबाला नसतो. कागदावरच्या आकड्यांवर कार्यक्रम जगायचे किंवा मरायचे. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि एकोणीस वर्षांत बाईंच्या कागदावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

बाईंमध्ये खोट काढायची तर एकच. बाई अतोनात भित्र्या. शेजारी फुगा फुटला तर यांच्या हातातला कप फुटायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो बाईंच्या पाठीमागे जणू कायमचा मुक्कामालाच होता.

त्या राहायच्या थोरल्या बहिणीबरोबर. ताई म्हणजे दुसरं टोक. निवृत्त परिचारिका, आवाज खणखणीत, भीती कशाशी खातात ते ठाऊक नाही. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ताई मालिका लावून ऐसपैस बसायची. दर आठवड्याला एक नवी वस्तू कुणाच्या तरी घरात यायची. कधी आरसा, कधी छत्री, कधी शिवणयंत्र. आणि मग त्या घराचे जे हाल व्हायचे, विचारू नका. बाई त्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून, नळ सोडून, घासलेली भांडी पुन्हा घासत बसायच्या. बावीस आठवडे मालिका चालली, बाईंनी तिचा एक भाग पाहिला नाही.

पण गंमत अशी की मालिका त्यांच्याइतकी कुणाला पाठ नव्हती! कारण पत्रं. छत्री आपणहून उघडली की वाऱ्याने, यावर चाळीस पत्रं आली होती आणि चाळिसांत एकमत नव्हतं. एक निवृत्त मुख्याध्यापक दर आठवड्याला लाल शाईत, मुद्दे क्रमांक घालून लिहायचे. एका न्हाव्याने कळवलं होतं की आरशाचा भाग झाल्यापासून गिऱ्हाइकं आरशासमोरच्या खुर्चीत बसायला तयार नाहीत, उभ्यानेच दाढी करा म्हणतात. एका सूनबाईंनी लिहिलं होतं, 'सासूबाई आता शिवणयंत्राची सुई काढून उशीखाली घेऊन झोपतात. तुम्हाला काही वाटतं की नाही?' तीन मुलांच्या एका आईची पोरं एकटी न्हाणीघरात जाईनात, म्हणून तिला दाराबाहेर उभं राहून गाणी म्हणावी लागत होती.

"अरेरे," बाई पुटपुटायच्या, "काय हा छळ!" आणि पत्र तक्रारीच्या खोक्यात.

कारण बाईंच्या हिशेबी कुणाला घाबरवणं हा सरळसरळ अपराध होता. कौतुकाच्या खोक्यात काय जायचं? तर 'नायिकेचे कपडे छान', 'सुरुवातीचं संगीत गोड आहे'. शेवटच्या महिन्याचा आकडा झाला तक्रारी चारशे बावीस, कौतुक नऊ. साहेबांनी कागद पाहिला आणि सांगून टाकलं की सोमवारी शेवटचा निर्णय, पण बंदच समजा.

शुक्रवारी मालिकेचे दिग्दर्शक स्वतः जिन्याखाली आले. आल्या आल्या छताला डोकं आपटून घेतलं. कपाळ चोळत म्हणाले, "बाई, एखादं तरी चांगलं पत्र असेल की हो. आमचा सुतार एकेका वस्तूवर महिना महिना खपतो. त्याला काय तोंड दाखवू मी?"

बाईंनी कौतुकाचं खोकं पुढे केलं. त्यांनी वरचंच पत्र उचललं. 'मालिका उत्तम आहे. लागली की मला शांत झोप लागते.' दिग्दर्शक मटकन स्टुलावर बसले. बाईंना त्यांची इतकी दया आली की स्वतःच्या वाटणीचा चहा त्यांना दिला.

घरी आल्यावर त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताईचा पारा चढला. "बंद? माझी मालिका? कुठल्या मेल्याने केल्या एवढ्या तक्रारी? आण ती पत्रं इकडे, बघते एकेकाला!"

"पत्रं खोलीबाहेर न्यायची नसतात, ताई."

"मालिका बंद करायची असते का मग?"

ताईपुढे कुणाचं चाललंय? शनिवारी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी नियम मोडला आणि दोन पिशव्या भरून पत्रं घरी आणली. चोरासारख्या भिंतीकडेने आल्या. ताईने चष्मा लावला, सूनबाईंचं पत्र वाचलं, न्हाव्याचं वाचलं, गाणी म्हणणाऱ्या आईचं वाचलं, आणि जी हसत सुटली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

"अगं धाकटे," श्वास घेत ती म्हणाली, "हे कौतुक आहे गं!"

"कसलं कौतुक? त्या बिचारीची सासू सुई उशाशी घेऊन झोपते!"

"भीतीची मालिका आहे ना ती? मग लोक घाबरले हे तिचं यशच की. पोट भरलं म्हणून खानावळीची तक्रार करतं का कुणी?"

बाई हटल्या नाहीत. "पण मुख्याध्यापक तर चक्क लिहितात, 'बंद करा हा पोरखेळ.'"

"हे त्यांचं कितवं पत्र?"

"बाविसावं."

"आणि शेवटचं दृश्य काय होतं ते लिहिलंय त्यात?"

"लिहिलंय. दर वेळी लिहितात. पुढच्या वेळी काय होईल तेही लिहितात."

"मग मला सांग, ज्याला खरंच बंद हवी आहे तो माणूस बावीस आठवडे शेवटच्या मिनिटापर्यंत ठाण मांडून बसतो का? बटण दाबून झोपायला जाईल की!"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी हातातल्या पत्राकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. बावीस आठवडे! दर सोमवारी आपण स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, खोटं लिहून दिलं. त्या मुख्याध्यापकांनी, त्या सूनबाईंनी आपल्यावर विश्वासून पत्रं पाठवली आणि आपण त्यांच्या तोंडात भलतेच शब्द घातले. बाई रडल्या. अगदी हुंदके देऊन रडल्या.

रविवारी सकाळपासून दोघी बहिणी जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि शेवटच्या महिन्याचं एकूण एक पत्र पुन्हा लावलं. खऱ्या तक्रारी निघाल्या अकरा. आवाज बारीक येतो, जाहिराती फार आहेत, असल्या. संध्याकाळी ताई म्हणाली, "झालं. उद्या नवा कागद दे. आधीचं आपणच चुकवलं हे सांगत बसू नकोस. कोण विचारणार आहे तुला?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच सांगायला हवं."

सोमवारी त्या दोन्ही पिशव्या घेऊन साहेबांच्या खोलीत शिरल्या. दिग्दर्शक समोर मान खाली घालून बसले होते. बाईंनी नवा कागद टेबलावर ठेवला आणि एका दमात म्हणून टाकलं, "साहेब, बावीस आठवडे मी चुकीचे आकडे दिले. लोक घाबरले म्हणजे नाराज झाले, असं मी धरून चालले. चूक सगळी माझी आहे."

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "गेल्या आठवड्याच्या कागदावर चारशे बावीस तक्रारी. आज अकरा. बाई, मी कशावर विश्वास ठेवू? ते राहू द्या. तुम्हाला स्वतःला कशी वाटते ही मालिका?"

"मी बघितलेली नाही."

"एखादा भाग?"

"एकही नाही. मला भीती वाटते."

दिग्दर्शकांनी मान वर केली. साहेबांनी शिपायाला येत्या गुरुवारचा भाग लावायला सांगितलं. "बसा, बाई. बघा, आणि मग कुठल्या खोक्यात टाकाल ते मला सांगा. तुम्ही म्हणाल तो निर्णय."

नाही म्हणायची सोय कुठे होती? बाई बसल्या. भर दुपार, खिडक्या सताड उघड्या, बाहेर गाड्यांचे आवाज. आणि पडद्यावर एक साधी लाकडी खुर्ची. एका घरात नवरा-बायको ती हौसेने आणतात. जो तिच्यात बसतो त्याला उठावंसंच वाटत नाही. आधी तासभर, मग दिवसभर. पाचव्या मिनिटाला बाईंनी डोळे मिटले, सहाव्याला एक उघडला. दहाव्या मिनिटाला त्यांच्या हाताशी काहीतरी आलं ते त्यांनी गच्च धरलं, तो साहेबांचा हात होता. साहेबांनी तो सोडवून घेतला नाही. त्यांनीही आजवर एकही भाग पाहिला नव्हता, आकडे तेवढे पाहिले होते! पडद्यावरच्या खुर्चीच्या पाठीवर आतून कुणीतरी बोटाने टकटक केलं, बाई किंचाळल्या, आणि साहेब स्वतःच्या खुर्चीतून ताडकन उठले. उरलेला भाग त्यांनी उभ्याने पाहिला.

भाग संपला. बाईही खुर्चीतून उठल्या. "शी!" त्या म्हणाल्या. "काय हे! कुणाच्या घरी अशी वस्तू... मी आज घरी गेले की उभ्यानेच जेवणार." आणि मग दिग्दर्शकांकडे वळून, जवळजवळ रागाने, "पण ती खुर्ची शेवटी गेली कुठे? त्या बाईने ती कुणाला दिली?"

दिग्दर्शक हसायला लागले. "ते पुढच्या भागात आहे."

"साहेब," बाई म्हणाल्या, "हे कौतुकाच्या खोक्यात."

साहेबांनी आधीचा कागद फाडला. मालिका चालू राहील, असं दिग्दर्शकांना सांगितलं. ते बिचारे सुताराला बातमी द्यायला धावतच खाली गेले. बाईंना वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी पिशव्या उचलल्या आणि बोलणी ऐकायच्या तयारीने उभ्या राहिल्या.

साहेब अजून बसले नव्हते. त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "त्यात काय काय लिहितात हो लोक?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बाईंनी न्हाव्याचं पत्र काढलं आणि सावकाश, एकही शब्द न गाळता, सहीपर्यंत वाचलं. शिपाई चहा घेऊन आला, तोही दारातच थांबला. पत्र संपलं.

"आणखी एक वाचा," साहेब म्हणाले.