कब्रस्तानाकडून आलेली गृहभेट

लोहाऱ्याच्या पुढच्या नव्या लेआउटमध्ये आमच्या चर्चविरुद्ध आजवर एकही तक्रार झालेली नाही. चर्चची माणसं जिवंत आहेत, हेच तिथे कुणाला ठाऊक नाही.

काही वर्षांपूर्वी तिथे तुरीचं शेत होतं आणि शेताच्या टोकाला आमचं कब्रस्तान. मग प्लॉट पडले, दारव्ह्याकडची माणसं घरं बांधून राहायला आली आणि कब्रस्तानाची पायवाट त्यांच्या अंगणांना घासून जाऊ लागली. त्यांनी भिंत घालून ती बंद करायचं ठरवलं. विटा येऊन पडल्या. सोमवारी गवंडी येणार होता. आई हादरली. दर रविवारी ती बाबांच्या कबरीवर जाऊन त्यांना आठवड्याची हकीकत सांगते (हयात असताना बाबा इतकं ऐकत नसत).

चर्चच्या पाळकसाहेबांनी कमिटी बसवली. "वस्ती वाढली, पण आपली ओळखच नाही. भांडण नको. घरोघरी जाऊन भेटू. रविवारी ईस्टर आहेच."

ईस्टरला आम्ही पांढरे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन, उजाडायच्या आधी कब्रस्तानात प्रार्थनेला जमतो. तिथूनच सरळ लेआउटमध्ये जावं, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील, असं मी सुचवलं. ठराव एकमताने मंजूर झाला! कमिटीत सगळी शिकलेली माणसं होती, हे नोंदवून ठेवतो.

त्या पहाटे वीज गेलेली होती. वारा पूर्ण पडलेला. आम्ही अकरा जण कबरींच्या मधून एका रांगेत निघालो. पुढे आई, मेणबत्तीच्या धुरापायी पदर नाकावर; तिच्या मागे चष्मा सावरत मी. गाणं अगदी हळू, लोकांची झोपमोड नको म्हणून. (तो हळू आवाज मी नंतर आठवून पाहिला. नको होता.)

पहिल्या घरी सडा अर्धवट पडलेला, बादली कलंडलेली. माणूस नाही. दुसऱ्या घरी ओसरीवर चहा वाफाळत होता. माणूस नाही. तिसऱ्या घरी रिकामा झोपाळा जोरात हलत होता. कुत्रीसुद्धा गप्प! पाळकसाहेब मला चिकटून चालू लागले.

"भिऊन राह्यले का जी साहेब?" आईने मागे वळून विचारलं.

"छे! मेणबत्ती विझू नये म्हणून."

चौथं घर राऊतकाकूंचं. भिंतीचा बेत त्यांचाच, विटाही त्यांच्याच दारात. खिडकीच्या फटीतून कुजबुज आली.

"किती हायेत वो?"

"बारा."

मी मोजले. अकरा. पुन्हा मोजायचं धाडस केलं नाही.

आईने दार वाजवलं. "अवो बाई, भिता कायले? आम्ही इथलेच. तुमच्या आधीपासूनचे."

आत भांडं पडलं.

"आई, थांब, मी बोलतो."

"तू गप बस!" ती दाराला तोंड लावून म्हणाली, "एकच मागणं हाय जी. हा रस्ता नका बंद करू. माझा माणूस तिकडं निजला हाय. मले जा-ये करा लागते." तिचा आवाज खरोखर भरून आला होता.

"नाही करत माय! लेकरायची शपथ, नाही करत! पण आता जा!"

"चहा मिळेल का?" पाळकसाहेबांनी आशेने विचारलं. फटीतून मूठभर मीठ-मोहऱ्या आमच्यावर आल्या. गृहभेट तिथे संपली.

सोमवारी गवंडी आला नाही. विटा ट्रॅक्टरमध्ये भरून परत गेल्या. कमिटीच्या अहवालात मी लिहिलं: संपर्क झाला, प्रतिसाद तीव्र. पाळकसाहेब म्हणाले, "जाऊन खरं सांगितलं पाहिजे."

"सांगा ना," आई म्हणाली. "मंग दर रविवारी मले उचलून भिंतीपलीकडं तुम्हीच टाका."

विषय मिटला.

पुढच्या आठवड्यात बाजारात राऊतकाकू आईशेजारीच वांगी निवडत होत्या. आई निळ्या साडीत, भर उन्हात. ओळखायचा प्रश्नच नव्हता. काकूंनी सगळा प्रकार आपणहून सांगितला.

"पुढची होती ना बाई, ते बिचारी गरीब. नवऱ्यासाठी रडे. पण तिच्या मागं एक चष्मेवाला होता, तो लय खतरनाक! पाय उलटे होते त्याचे. म्या माह्या डोयानं पाह्यले!"

आईने मान डोलावली. मी पिशवी धरून मागे उभा होतो. ऐकीव माहिती तपासल्याशिवाय खरी मानायची नाही आणि खोटीही मानायची नाही, असं मी वर्तमानपत्राच्या नोकरीत शिकलो. घरी आलो, दार लावलं, चपला काढल्या आणि खात्री करून घेतली.