बैठक चुकलेली दाढ

चंद्रभान सव्वीस वर्षं वाडीच्या गॅरेजात ट्रकांची चाकं बसवतोय. त्याच्या हातचा नट सुटला, असं अमरावती रोडवर कोणी म्हणत नाही. अन् त्याच्याच तोंडातला स्क्रू आठ महिन्यांत तिसऱ्यांदा ढिला झाला.

दाढ काढून हाडात पेच रोवला होता. त्यावर एक जोडतुकडा, तुकड्यावर दाढेची टोपी. तुकडा धरणारा बारका स्क्रू सुटायचा, दाढ डुलायची. डॉक्टर तो आवळायचे अन् दरवेळी म्हणायचे, "काका, खर्रा बंद करा. तंबाखू-सुपारी चावून सुटतो हा."

खर्रा त्याने तीन वर्षांपूर्वीच सोडलेला. पण शेजारी बसलेली सिंधूताई, त्याची बायको, ते ऐकायची अन् घरी त्याच्या पँटचे खिसे उलटे करायची.

"डाक्टर काहून खोटं बोलतीन जी?"

"मंग मी खोटं बोलून राहिलो?"

ती पुन्हा खिसे चाचपायची. तेच त्याला झोंबायचं.

तिसऱ्या वेळीही तेच ऐकून त्याने खुर्चीतूनच डॉक्टरांचा हात अडवला.

"आवळू नका. पयले खोलून दाखवा."

"त्यातलं तुम्हाला काय कळणार?"

"चाकाचा नट घडी घडी सुटला तं आमी आवळत नाही बसत, साहेब. बैठक पाह्यतो. बैठक बराबर नसन तं चाक हलतेच, मंग कितीबी आवळा."

डॉक्टरांनी चिडूनच तुकडा काढून ट्रेमध्ये टाकला. चंद्रभानने चष्मा चढवून तो उजेडात फिरवला. एक बाजू घासून चकाकत होती, दुसरी कोरी.

"एकीकडूनच टेकते हा. पेच अन् तुकडा एकाच कंपनीचे हायेत का?"

डॉक्टरांनी जुनी नोंद पाहिली. "नाही. पण असा चालतो. बरेच जण वापरतात."

"माह्या तोंडात नाही चालून राहिला. अन् तुमी मले बायकोसमोर खर्रेबाज ठरवलं. तीनदा."

डॉक्टरांनी मान खाली घातली. पेचाच्याच कंपनीचा तुकडा मागवतो, म्हणाले.

सिंधूताईने केसपेपर त्यांच्यासमोर सरकवला. "याच्यावर खर्रा लिवला हाय. तो खोडा."

त्यांनी खोडला.

बस स्टॉपपर्यंत चंद्रभान तिच्या दहा पावलं पुढे चालला. मग भर रस्त्यात पँटचे दोन्ही खिसे उलटे करून उभा राहिला.

"पाहून घे वं."

तिने ओशाळून रस्त्याकडे तोंड फिरवलं.