रामटेके सरांच्या खाटेवरची फांदी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या धंद्यात तो ठेवून चालतही नाही. मी झाडं छाटतो. आरमोरीत आणि आजूबाजूच्या गावांत, लोकांच्या अंगणातली. कोणाची फांदी छपरावर आलेली असते, कोणाची तारेला लागते. हेल्मेट, कमरेला बेल्ट, दोर, पेट्रोलवरची करवत, सगळं रीतसर. स्मशानातल्या पिंपळावर बसून मी डबा खाल्ला आहे आणि वर ढेकरही दिला आहे. तेव्हा हे वाचून मला घाबरट म्हणू नका. निर्लज्ज म्हणा, ते चालेल.

हे काम मला दसरूभाऊनं शिकवलं. कुरखेड्याकडचा गोंड माणूस, आता थकला आहे. त्याची एक रीत होती. चढण्याआधी बुडाशी चिमूटभर तांदूळ टाकायचे, खोडावर हात ठेवायचा आणि कोणती फांदी घेणार ते झाडाला सांगायचं. "जेवढं सांगतलं तेवढंच तोडाचं," तो म्हणायचा. "अन् खोडावर हात असला तं खोटं बोलाचं नाई. झाड आपला शब्द धरून ठेवते." मी हसायचो. पण रीत सोडली नाही, कारण… खरं सांगू? गिऱ्हाइकांना आवडते. व्हिडिओ काढतात बिचारे.

मागच्या मे महिन्यात रामटेके मॅडमनी बोलावलं. त्या रिटायर्ड शिक्षिका, त्यांचे मिस्टरही शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणते. तीन वर्षांपूर्वी सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अंगणात जांभळाचं मोठं झाड. त्याची एक जाड फांदी शेजारच्या भिंतीवरून पलीकडे गेलेली, आणि तिच्याच सावलीत सरांची खाट. सकाळी त्यांना धरून तिथं आणायचं, ऊन उतरेपर्यंत ते वर पाहत पडून राहायचे.

"घरात नेलं का डोळ्यातून पाणी काढतेत," मॅडम म्हणाल्या. "ह्या फांदीले हात नका लावू भाऊ. फक्त छपरावरची तेवढी काढा."

मी तांदूळ टाकले, खोडावर हात ठेवला, छपरावरची फांदी दाखवली. "एवढीच," म्हटलं. मॅडम खूश झाल्या. सरांची औषधं आणायला त्यांना गडचिरोलीला जायचं होतं. "सरांकडे जरा लक्ष ठेवजा," म्हणून निघून गेल्या.

तासाभरात काम झालं. दोर गुंडाळत होतो तर भिंतीवरून शेजारचे साहेब बोलले. मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि एका सरकारी कॉलनीतल्या झाडांचं काम कोणाला द्यायचं ते त्यांच्या हातात होतं. त्यांची नवी पांढरी गाडी भिंतीपलीकडे गेलेल्या त्या फांदीखाली उभी राहते. जांभळं पडली की डाग.

"ते पण काढून टाक ना यार. मॅडमले सांगून दे काहीतरी. मग कॉलनीचं पाहू."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं नाही. सरांची खाट ओढत व्हरांड्यात नेली. "सर, जरा इकडे घेतो," म्हटलं. वर दोर बांधायला लागलो तेव्हा त्यांना समजलं. त्यांनी आवाज केला. शब्द नाही, नुसता आवाज, घशातून. मला तो स्पष्ट ऐकू आला. मग मी करवत सुरू केली आणि तो ऐकू यायचा बंद झाला.

फांदी आतून भरीव होती. तांबूस, ओली, सुईएवढंही छिद्र नाही. कापलेली जागा सडू नये म्हणून चुना-मोरचुदाचा लेप लावतात, तो लावायच्या आधी मी फोटो काढतो, तसा काढला. एक ठोकळा घरी बसायला नेला.

संध्याकाळी मॅडम आल्या. हातात औषधांची पिशवी, आणि वर बघत उभ्याच राहिल्या. मी खोडाला हात टेकवून उभा होतो. सवयच ती. म्हटलं, "मॅडम, आतून पोकळ होती. सरांच्या अंगावर पडली असती."

त्यांनी हात जोडले. "बरं झालं भाऊ तुम्ही पाह्यलं."

व्हरांड्यातून सर माझ्याकडे पाहत होते.

कॉलनीचं काम मिळालं. पण अन्न गोड लागेना. त्या घरावरून जाताना अंगणात नुसतं ऊन दिसायचं, खाट नाही. "जेवून काऊन नाई राह्यले?" बायको रोज विचारायची. शेवटी अठराव्या दिवशी ठोकळा पिशवीत घातला आणि सगळं खरं सांगून टाकायला गेलो. रस्ताभर वाक्य घोकत होतो.

मॅडमनी दार उघडलं. "अरे वा, बरं झालं आले. तुम्ही म्हणत होते तशीच पोकळ हाय. या, पाहा."

शिडी लावून चढलो. मी कापलेल्या जागी भोक होतं. हात कोपरापर्यंत आत गेला. आत भुसा, कडा गुळगुळीत, वर्षानुवर्षांची जुनी पोकळी. माझ्या लेपाचं कडं मात्र भोवती तसंच होतं. मोबाईल काढून फोटो शेजारी धरला. तीच गाठ, करवत घसरली होती तीच खाच. फोटोत लाकूड भरीव… आणि माझा हात कोपरापर्यंत आत!

खाली उतरून म्हटलं, "मॅडम, मी खोटं बोललो. फांदी चांगली होती. साहेबांच्या सांगण्यावरून तोडली." ठोकळा दाखवला, फोटो दाखवला.

त्या हसल्या. "अहो, हा दुसऱ्या फांदीचा असन. अन् फोटोही त्याचाच असन. सावली गेली म्हणून मन खाऊन राह्यलं तुम्हाले. लई भल्या मनाचे तुम्ही. बसा, चहा मांडते."

मी तीन वेळा सांगितलं हो! तीनदा. त्या भोकाकडे बोट दाखवायच्या आणि हसायच्या.

अठरा दिवसांत अशी पोकळी पडत नाही. रोपवाटिकेतल्या जाणत्या माणसाला आधीचा फोटो आणि भोकाचा फोटो, दोन्ही दाखवले, तो म्हणाला झाडं दोन आहेत. मग दसरूभाऊला सांगितलं. तो म्हणाला, "तू सांगतलं, झाडानं धरलं. आता कोणाले पटवशील?" एवढंच. हे काही उत्तर झालं का? पण माझ्याकडे दुसरं नाही.

एक गोष्ट मात्र बायकोलाही सांगितलेली नाही. मॅडम चहा करत होत्या तेव्हा मी ठोकळा घेऊन आतल्या खोलीत गेलो. सर खिडकीशी पडले होते. ठोकळा त्यांच्या डाव्या हाताजवळ ठेवला. त्यांनी तो चाचपला, नख रुतवून पाहिलं, बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवला. ठक, ठक. भरीव. मग माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांच्या पायाशी वाकलो. उजवा पाय त्यांचा हलत नाही. डावा त्यांनी ओढून घेतला.