सातशे दोनमधला तेलाचा डाग

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी अकोल्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात आणि घाबरतात ते डासांना. त्यामुळे खाली लिहिलंय ते वाचून कुणी मला वेड्यात काढलं, तर राग येणार नाही.

हिंजवडीत रोज एक नवी कंपनी उघडत होती, तेव्हाची गोष्ट. वाकडच्या एका प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनीत मी होते. परदेशातल्या लोकांचे बंद फ्लॅट सांभाळायचे... महिन्यातून दोनदा कुलूप उघडायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, फोटो काढून मालकाला ई-मेल करायची. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी कुणाशीही बोलत नसे. चाळीस घरांच्या किल्ल्या पर्समध्ये, आणि स्वतः राहायला कर्वेनगरला कॉट बेसिसवर, चौघींच्या खोलीत एक खाट!

भाडेकरू घर सोडून गेले की तपासणीही माझ्याकडेच. या कामात डाग वाचता यायला लागतात. ओट्यामागची भिंत किती तेलकट आहे, स्विचभोवती बोटांचे डाग किती उंचीवर आहेत, यावरून घरात किती माणसं होती आणि किती वर्षं होती, हे मी सांगू शकायचे. माझे साहेब जोशी म्हणायचे, "मॅडम, तुम्ही पोलिसात हव्या होतात. आमचं नशीब."

सातशे दोन नंबरचा फ्लॅट अमेरिकेतल्या वानखडे सरांचा. घेतल्यापासून बंद. वास्तुशांतसुद्धा झालेली नव्हती. तिथे हॉलच्या भिंतीवर, जमिनीपासून अडीच फुटांवर, एक पिवळट गोल दिसायला लागला. मला वाटलं ओल आहे. प्लंबरने बघून सांगितलं, भिंत कोरडी ठणठणीत. साबणाने पुसला, तरी दर फेरीला थोडा गडद व्हायचा. शेवटी नाक लावून बघितलं... खोबरेल तेल. खाली बसून भिंतीला डोकं टेकणाऱ्या माणसाचा असतो, तसा डाग.

पण किल्ली एकच होती, आणि ती माझ्याकडे.

फोटो पाठवणं भाग होतं. तिकडून फोन आला, "माझ्या घरात कोण राहतंय?" जोशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आपण घरं सांभाळतो मॅडम, धर्मशाळा चालवत नाही. ते फ्लॅट विकायला येतायत. त्यांची खात्री पटली नाही, तर तुम्ही उद्यापासून मोकळ्या."

वानखडे सर आले. मला वाटलं होतं आल्या आल्या ओरडतील. त्यांनी डाग बघितला, बूट काढले आणि त्या भिंतीला टेकून खाली बसले. डोकं डागाच्या चार बोटं वर गेलं.

"बाबा माझ्यापेक्षा बुटके होते," ते म्हणाले. "खुर्चीवर कधी बसलेच नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. फ्लॅट आईबाबांसाठी घेतला होता. कारंज्याहून सामान निघायच्या आठ दिवस आधी बाबा गेले. आईला सर अमेरिकेला घेऊन गेले. बाबांनी हे घर बघितलंसुद्धा नव्हतं.

"असा डाग पडायला किती दिवस लागतात?"

"दोन-अडीच वर्षं, सर."

बाबांना जाऊन तेवढीच वर्षं झाली होती. सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आपल्या वऱ्हाडातल्या. खरं सांगा. एकटेच होते का हो ते?"

मी सगळं घर तपासलेलं होतं. ओट्यामागची भिंत पांढरीशुभ्र. स्विच कोरे. तिथे जे कोणी होतं ते एकटं होतं, याबद्दल मला शंकाच नव्हती. पण त्या माणसाचा चेहरा बघवेना. मी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"नाही सर. तिथे बघा... अजून एक आहे. फिकट आहे, पण आहे. कोणीतरी सोबत बसत होतं."

तो डाग माझा होता. दुपारी डबा खायला मी तिथे टेकून बसायचे. चाळीस घरं सोडून तिथेच का, ते विचारू नका. तिथे जेवण जायचं. सरांनी 'कोण' म्हणून विचारलं असतं, तर माझी नोकरी तिथेच संपली असती.

त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ रडले. जाताना जोशी साहेबांना म्हणाले, मॅडमची काही चूक नाही. महिन्याभरात फ्लॅट विकला गेला. दोन्ही भिंतींना रंगाचे दोन-दोन हात बसले.

नव्या मालकाचे भाडेकरू सोडून गेले, तेव्हा मी तपासणीला गेले होते. ती भिंत स्वच्छ होती. वाकून वास घेतला, तर नुसता रंगाचा.

डाग कशाने पडला, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. मला त्रास होतो तो वेगळाच. त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं, की ते एकटेच होते, तर त्यांनी घर विकायच्या आधी आईला एकदा तरी तिथे आणून बसवलं असतं.