गुडघ्यातली तिरकी दोरी

मी फिजिओथेरपीची पदवी घेतली ती दादामुळे. वडील गेले तेव्हा दादाने दहावीनंतर शाळा सोडली, आंब्याची कलमं सांभाळायला घेतली, आणि माझी शाळा चालू राहिली. आमच्या घरातलं त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. म्हणून त्याचा गुडघा तपासायला बसले तेव्हा मनात एवढंच होतं की, हे शिक्षण खरं तर त्याचं आहे. आज ते त्याच्या उपयोगी पडावं.

कापणी झालेल्या मळ्यात कबड्डीचे सामने होते. चढाई करून दादा परत फिरला, पाऊल जमिनीत रुतून राहिलं आणि अंग वळलं. आतून ओला बांबू मोडल्यासारखा आवाज आला, असं तो सांगत होता. तासाभरात उजवा गुडघा टम्म फुगला. आईने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. मी रत्नागिरीहून सुट्टी काढून घरी पोचले तोवर सूज ओसरली होती आणि दादा पालीच्या बाजारात चालत जाऊन आला होता.

"बघ, झाला बरा," तो म्हणाला. "तू उगाच कापाकापीच्या गोष्टी करू नको."

त्याला उताणं झोपवलं. गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी पक्की धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. चांगल्या गुडघ्यात ती जराशी सरकते आणि थांबते, दाव्याला बांधलेलं वासरू हिसका बसून थांबतं तशी. दादाची नडगी पुढे येत राहिली. तो हिसका माझ्या हाताला लागलाच नाही. मी दुसरा पाय ताडून पाहिला, मग पुन्हा हा. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोल उंचवट्यांचं असतं आणि त्यांच्यामध्ये खाच असते. बाहेरच्या उंचवट्याच्या आतल्या अंगाला, त्या खाचेत, एक दोरी सुरू होते आणि तिरकी पुढे उतरून नडगीच्या माथ्यावर चिकटते. लांबी करंगळीच्या दोन पेरांएवढी. तिच्या मागून दुसरी दोरी उलट्या तिरकस वाटेने जाते आणि दोघींची फुली होते. यातली पुढची म्हणजे एसीएल. तिला दोन पदर असतात. पाय सरळ असला की एक जास्त ताणतो, वाकवला की दुसरा. नडगी पुढे घसरू नये आणि वळताना पिळवटून निसटू नये, याची राखण ती करते. तुटली तर बहुधा आपोआप सांधत नाही, कारण सांध्यातल्या पाण्यात रक्ताची गुठळी धरत नाही आणि तुटलेल्या टोकांना जुळायला आधार मिळत नाही. सूज उतरते, दुखणं थांबतं, सरळ चालताना काही कळतही नाही. मला भीती वाटली ती याचीच.

"सरळ चाल हवं तेवढं," मी म्हटलं. "पण पाऊल रोवून वळायचं नाही. झाडावर तर अजिबात नाही."

"मग आंबे काय तुझा डॉक्टर उतरवणार?"

स्कॅनमध्ये दोरी तुटलेलीच निघाली. ऑपरेशन आंबे झाल्यावर, असं दादानेच ठरवलं. वरच्या फांद्यांची फळं दुसऱ्या कुणाला उतरवायला सांगावी तर देठ मोडून डाग पडतात, असं त्याचं म्हणणं. वर्षाचं सगळं त्या फळांवरच होतं. तोवर गुडघ्याला चामड्याच्या वाद्यांचा पट्टा लावायचं त्याने कबूल केलं, आणि लावलाही. मग शिमगा आला.

आमच्या गावात देवीची पालखी खूण काढते. मैदानात कुठेतरी नारळ पुरून ठेवतात. पालखी नाचत, गिरक्या घेत फिरते आणि जिथे वाकते तिथे खणतात. पुढच्या दांडीला खांदा द्यायचा मान आमच्या घराचा. दादा अनवाणी निघाला तेव्हा पट्टा ओटीवर पडलेला दिसला.

"दादा, पट्टा?"

"चामडं बांधून देवीपुढे जाऊ? शिकून अक्कल गहाण ठेवलीस काय गो?"

ढोल वाजू लागले. मी मैदानाच्या कडेला उभी राहिले. सगळे पालखीकडे बघत होते, मी त्याच्या उजव्या पावलाकडे. पहिली गिरकी, दुसरी. मग पाऊल मातीत रुतलं, वरचं अंग फिरलं, आणि नडगी पुढे घसरल्याचं मला इतक्या लांबून दिसलं. दादा खचला. पालखी एका बाजूला कलली.

एकच गलका उठला. देवी वाकली होती. चारपाच जण फावडी घेऊन धावले. खणलं, आणखी खणलं. नारळ नव्हता.

"देवी खेळवतेय," गावाचे मानकरी म्हणाले, त्यांना सगळे गावकर म्हणतात. "उचला परत."

मी पुढे झाले. "गावकर, दुसरा खांदा द्या. दादाचा गुडघा निसटला म्हणून पालखी कलली."

"बाय, सगळ्या गावाला देवी दिसली, आणि तुला गुडघा?"

माणसं हसली. दादा हसला नाही. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "सोड रे."

"अर्ध्यात कसा सोडू?" तो म्हणाला आणि दांडीखाली गेला.

या वेळी पालखी बराच वेळ फिरली. शेवटी कुंपणाजवळ ती सावकाश वाकली, दादा गुडघ्यावर बसला. दोन फावड्यांत नारळ वर आला. गुलाल उडाला, माणसं नाचली. दादा उठला नाही.

"सरळ होत नाय गो," तो म्हणाला.

मी हात लावला. गुडघा अर्ध्यावर अडकला होता. हाडांमधली गादी फाटून तिचा तुकडा मध्ये आला असावा. दोरी नसली की त्या गादीवर भार येतो, आणि मग असंच होतं. मी जोर लावला नाही. आता ऑपरेशन आंब्यांसाठी थांबणार नव्हतं.

गावकरांनी तो नारळ मानाचा म्हणून दादाच्या ओंजळीत ठेवला.

"आत काय झालंय?" दादाने पहिल्यांदाच विचारलं.

मी हळूहळू सांगू लागले. त्याची नजर मैदानापलीकडच्या आमच्या कलमांकडे होती. वरच्या फांद्या कैऱ्यांनी वाकल्या होत्या. ढोल पुढच्या वाडीकडे निघाले. पालखीच्या पुढच्या दांडीखाली दुसरा खांदा लागला होता. खांदा लगेच मिळाला; वरच्या फांद्यांना कोण मिळणार होतं?